तिसरे आठ तास

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आमच्याकडे विषय पाठवला तो असा : ‘अनेक व्यवधाने सांभाळून वेळेचा सदुपयोग कसा करावा?’ ते पत्र आम्ही घरात मोठ्याने वाचले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना जे हसू लोटले ते चहा गाळून होईपर्यंत थांबले नाही. ज्या गृहस्थाला तीस वर्षांत वेळेवर जेवायला बसवता आले नाही, त्याने चारचौघांपुढे वेळेवर बोलायचे! पण त्यांच्या हसण्यात आम्हांला विषयाची किल्ली सापडली. वेळेचा हिशेब चुकलेला माणूस कुठे चुकला एवढे तरी नक्की सांगू शकतो. तेवढ्याच अधिकाराने पुढचे लिहिले आहे.

या विषयावरची पुस्तके स्टँडवरच्या स्टॉलवर ढिगाने मिळतात. आम्ही त्यांतली बरीच वाचली आहेत. शाळा दहावीलाच सुटल्यामुळे छापलेले दिसले की वाचायचे ही सवय जडली. त्या पुस्तकांतल्या माणसाला स्वतंत्र खोली असते, टेबल असते, दार लावून घेण्याची सोय असते आणि त्याच्या दिवसाचा धनी तो स्वतः असतो. त्याने फक्त कामांची यादी करायची, महत्त्वाचे आधी नि बिनमहत्त्वाचे नंतर. बारा तासांची पाळी करून आलेल्या यंत्रमाग कामगाराला किंवा सकाळी चारला नळाला पाणी येते म्हणून उठणाऱ्या बाईला ही यादी दाखवली, तर ती म्हणेल, ‘दादा, यादी झाली, पण दिवस कुठाय?’ तेव्हा वेळ कसा वापरावा याच्या आधीचा प्रश्न, वेळ कोणाचा, तो आधी घेतला पाहिजे.

आमचे वडील मुंबईला परळच्या बाजूला गिरणीत विणकर होते. आमच्या लहानपणी चाळीत घड्याळे थोडी होती, पण त्यांची गरजच नव्हती; भोंगा होता. भोंग्यावर चूल पेटे, भोंग्यावर डबा भरला जाई, भोंग्यावर पोरे उठत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि एकामागून एक गिरण्या गप्प झाल्या, तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो. पहिले कित्येक दिवस आई पहाटे दचकून उठे, ती भोंगा वाजला म्हणून नव्हे, वाजला नाही म्हणून. आणि वडील, ज्यांनी जन्मभर ‘वेळ नाही’ हेच उत्तर दिले, ते चाळीच्या कठड्याशी नुसते उभे राहत. हातात सगळा दिवस होता आणि त्याचे काय करायचे ते कोणी शिकवले नव्हते. पुढे आम्ही गावाकडे आलो, आणि सोळाव्या वर्षी आम्ही इचलकरंजीच्या मागावर उभे राहिलो. पण कठड्याशी उभे असलेले वडील डोळ्यांपुढून जात नाहीत.

हा वेळ मालकाकडून थोडा थोडा करून कसा सोडवून आणला गेला, ते आजच्या तरुणांना ठाऊक असावे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा झाली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या कोणत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ‘सूर्यास्तापर्यंत’ ही मागणी होती, हे लक्षात घ्या! म्हणजे दिवस मावळल्यावर तरी सोडा, एवढेच मागणे. एप्रिल १८९० मध्ये कामगारांची प्रचंड सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी अंथरुणात लोळत पडणाऱ्या कितीजणांना त्या दोन बायांची आठवण होते? आम्हांलाही फार उशिरा कळले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचे बंधन उडाले. दिवा आला की माणसाची सोय होते असे आपण धरून चालतो. गिरणीत त्याने दिवस लांबवला. दुसरी गंमत १९०६ ची. त्या वर्षी सरकारने देशभर एकच प्रमाण वेळ सुरू केली, ती मुंबईच्या जुन्या वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे. काही गिरण्यांतले कामगार त्यावर खवळले. शिकलेल्या मंडळींना हे अडाणीपणाचे वाटले असेल. पण रोज अंधारात पाऊण तास लवकर उठावे लागणाऱ्याला काटा कोणी पुढे सरकवला हे बरोबर समजले होते. मुंबईच्या पालिकेनेही नंतर कितीतरी वर्षे जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नव्हती.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास झाले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १० आणि ५४. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, आठवडा ४८ तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तो पक्का केला. २०२० च्या नव्या संहितेतही आठ तासांचा दिवस लिहिलेला आहे. लिहिलेला आणि पाळलेला यांत किती अंतर असते, हे आपल्या गावात रात्री दोन वाजता मागांचा खडखडाट ऐकणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तो भांडणाचा विषय वेगळा; त्यासाठी संघटनेच्या कचेरीत यावे.

इंग्लंडात रॉबर्ट ओवेन हा स्वतः गिरणी चालवणारा गृहस्थ आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती अशी दिवसाची वाटणी सांगत असे. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात पाथरवटांनी आठ तासांचा दिवस प्रत्यक्ष मिळवला. पहिले आठ तास पोटाचे, दुसरे झोपेचे. हे दोन कोणाचे ते उघड आहे. आमचा विषय तिसऱ्या आठ तासांचा. ज्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते तिसरे आठ तास, ते हातात आल्यावर जातात कुठे?

याचे उत्तर आम्हांला पुस्तकाआधी मागावर मिळाले, म्हणून जरा मागाकडे चला. ज्यांनी यंत्रमाग चालवला आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

एक कामगार साधारणपणे चार, सहा, कधी आठ माग एकट्याने बघतो. पाहुण्याला वाटते, काय चपळाई आहे, आठ कामे एकदम करतो! पण नीट बघा. तो एका वेळी एकाच मागावर असतो. कांडी संपली की धोटा काढतो, नवी कांडी भरतो, माग चालू करतो आणि पुढच्याकडे वळतो. बाकीचे माग आपापले चालत असतात. त्याचे कसब फिरण्याच्या क्रमात आहे. आता, माग दोन प्रकारे बिघडतो. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली तर माग आपोआप थांबतो. तो थांबला की आवाजात खाडा पडतो आणि कामगाराचे लक्ष तिकडे जाते. पण साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग थांबत नाही. तो तसाच खडखडत राहतो आणि कापडावर दोष उमटत जातो. थांबलेल्या मागापायी मजुरीचे काही मीटर बुडतात. चालत्या मागाने नासवलेले कापड मात्र दंड घेऊन परत येते. म्हणून नवशिका कामगार थांबलेल्या मागाकडे धावतो, आणि मुरलेला कामगार आधी चालत्या मागांवरून नजर फिरवतो. आम्हांला हे शिकवणाऱ्या जॉबरची भाषा इथे छापण्यासारखी नव्हती, पण शिकवण अशी : गप्प बसलेला माग वाट बघेल, बडबडणारा बघणार नाही.

माणसाच्या दिवसाचेही असेच आहे. काही कामे थांबून हाक मारतात : फोन वाजतो, दारात माणूस उभा राहतो, साहेब बोलावतो, व्हॉट्सॲपच्या गटात लाल आकडा चढतो. ही कामे आपल्याला ‘तातडीची’ वाटतात कारण ती दिसतात. काही कामे मात्र चालू असल्यासारखी दिसतात आणि आतून धागा तुटलेला असतो. मुलाचे गणित कच्चे राहत चालले आहे, पण मूल रोज शाळेत जाते आहे. बायकोचा गुडघा दुखतो आहे, पण भाकऱ्या होत आहेत. स्वतःचा रक्तदाब वाढला आहे, पण आपण हिंडतो आहोत. सभासदाच्या खटल्याची मुदत सरत आली आहे, पण तो सभासद गप्प आहे. यांच्यापैकी कोणीच हाक मारीत नाही. ती ऐकू येईपर्यंत कापड नासलेले असते.

हे तत्त्व म्हणून सांगत नाही. आमच्या हातून एक कापड नासले आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या एक बाई होत्या. कामावर असताना शाळेतून निरोप आला की मुलगी तापाने फणफणली आहे, घेऊन जा. त्यांनी पर्यवेक्षकाला सांगितले. तो म्हणाला, बदली माणूस येईपर्यंत थांबा. बदली येईना. बाई यंत्र सोडून गेल्या. जाताना दोन शब्द बोलल्या असतील, नसतील. त्यांच्या हाती आरोपपत्र पडले आणि चौकशी लागली. बचाव प्रतिनिधी म्हणून आमचे नाव होते. आमच्याच कारणाने दोन तारखा पुढे गेल्या होत्या. तिसरी तारीख दुपारी तीनची.

त्या दिवशी सकाळी एका कारखान्याच्या दारात सभा होती. तिथून सहायक कामगार आयुक्तांकडे एका मागणीपत्रावर बैठक, तिथून बाहेर पडलो तर एका सभासदाच्या भावाला पोलीस चौकीत बसवले होते, तिकडे गेलो. मध्ये नात्यातले बारसे होते, तिथे तोंड दाखवले नसते तर वर्षभर ऐकावे लागले असते. फोन तर दर पाच मिनिटांनी. साडेपाच वाजता टपरीवर चहा घेताना खिशातून पेन काढायला गेलो तर चिठ्ठी हाताला लागली : ‘तीन वाजता चौकशी’. अक्षर आमचेच.

त्या बाई तिथे वेळेवर बसल्या होत्या. चौकशी अधिकाऱ्याने आणखी तारीख दिली नाही, आणि नियमाने तो चुकला असे म्हणता येत नाही. पर्यवेक्षकाची साक्ष झाली आणि कागदावर ‘उलटतपासणी नाही’ असे लिहिले गेले. रात्री आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही याल म्हणून मी काहीच बोलले नाही.’ रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांची नोकरी गेली. पुढे कामगार न्यायालयात पाच वर्षे चालले आणि शेवटी तडजोडीत काही रक्कम मिळाली. नोकरी मिळाली नाही.

त्या दिवशी आम्ही आळशीपणा केला असता तर प्रश्न सोपा होता. आम्ही पहाटेपासून पायाला भिंगरी लावून होतो. केलेले प्रत्येक काम करण्यासारखे होते. बारशाबद्दल वाद होऊ शकेल, पण तेही सोडा. आणि त्या बाईंचा तरी गुन्हा कोणता? एकाच घटकेला त्या कामगार होत्या आणि आई होत्या, आणि दोघींना दोन ठिकाणी बोलावणे आले होते. त्यांनी एक निवडले आणि त्याची किंमत मोजली. आम्ही मात्र काहीच निवडले नाही. जो हाक मारील त्याच्याकडे गेलो. आणि किंमत मोजली त्यांनी.

त्यानंतर आम्ही काय बदलले ते सांगतो. फार मोठे काही नाही.

एक वही केली. तीत कामांची यादी नाही. फक्त ज्यांची मुदत हुकली तर दुसऱ्याचे नुकसान होईल अशाच गोष्टी आणि त्यांच्या तारखा. रोज सकाळी फोनला हात लावण्याआधी ती उघडायची. चालत्या मागांवरून नजर फिरवायची ती ही अशी. बहुतेक दिवशी दोन मिनिटे पुरतात. पण ती दोन मिनिटे पहिली पाहिजेत. एकदा फोन हातात आला की ती संध्याकाळपर्यंत सापडत नाहीत, हा अनुभव आहे.

दुसरे, वळताना खूण करायला शिकलो. हे जरा समजून घेण्यासारखे आहे. ब्ल्यूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट तोडलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा माणसाच्या अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसेच दिसले असे नाही, पण अर्धवट काम मनाला टोचत राहते हे आपण सारे जाणतो. २००९ मध्ये सोफी लरॉय या संशोधिकेने याच धाग्यावर पुढचे दाखवले : एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळले की मनाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि दुसरे काम वाईट होते. म्हणजे फोन दोन मिनिटांचा असला तरी नुकसान दोन मिनिटांचे नसते. आता आमच्यासारख्याला फोन बंद करून बसता येत नाही. लोकांनी तो चालू असावा म्हणूनच आम्हांला निवडले आहे. तेव्हा उपाय असा. हातातले काम सोडावे लागले तर उठण्याआधी एक ओळ लिहायची : कुठे थांबलो, पुढचे पाऊल कोणते. कापडाच्या घडीवर खडूची खूण करतात तशी. खूण केली की डोके मोकळे होते, आणि परत आल्यावर पहिली दहा मिनिटे शोधाशोधीत जात नाहीत. आमचे वाचन सारे याच खुणांवर झाले आहे. पाळीच्या आधी वीस मिनिटे, रेशनच्या रांगेत अर्धा तास, एस.टी.त तास. एकेका पुस्तकाला वर्ष लागले, पण पुरी झाली.

तिसरे सर्वांत कठीण होते. आमचे काही अधिकार आम्ही दुसऱ्याला दिले. संघटनेचा माणूस ‘मला वेळ नाही’ म्हणतो तेव्हा बहुधा ती तक्रार नसते, मिरवणूक असते. सगळ्यांना आपणच लागतो यात एक गोडी आहे. पोलीस चौकीत दुसरा जाऊ शकला असता. आम्ही त्याला कधी तयार केले नव्हते. आज दोन तरुण मुले आणि एक बाई बैठकांना परस्पर जातात. त्यांच्याही चुका होतात. आमच्या चुकीएवढी मोठी अजून झालेली नाही.

आता एक सावधगिरी. वेळ वाचवण्याचे शास्त्र म्हटले की कामगाराने जरा सावध व्हावे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने थांबघड्याळ लावून कामाच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजला आणि १९११ मध्ये त्यावर आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. वाया जाणाऱ्या हालचाली टाळाव्यात यात गैर काय? काही नाही, पण वाचलेला वेळ कोणाकडे गेला ते विचारा. मुंबईत १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तो ह्याच दुखण्यावर : दोन मागांऐवजी तीन माग बघा, सूत खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा. वाचलेला वेळ कामगाराच्या तिसऱ्या आठ तासांत येऊन पडला नाही, त्यात आणखी एक माग येऊन बसला. आजच्या मोबाईलनेही हेच केले आहे. कचेरीत न जाता काम होऊ लागले, म्हणून रात्री दहालाही होऊ लागले. १९५५ मध्ये पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने थट्टेने एक नियम मांडला की जेवढा वेळ मोकळा असेल तेवढे काम फुगत जाते. थट्टा खरी आहे. मोकळा झालेला वेळ कशासाठी हे आधी ठरवलेले नसेल, तर पहिला हाक मारणारा तो घेऊन जातो.

उलट तास कमी केले म्हणजे काम बुडते हेही खरे नाही. जर्मनीत येना इथल्या झाइस भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊवरून आठ तासांवर आणला आणि त्याच कामगारांच्या कामाचा वर्षभर हिशेब ठेवला. दिवसाचे एकूण काम कमी झाले नाही, थोडे वाढलेच. थकलेला माणूस शेवटच्या तासात जे करतो त्याला काम म्हणायचे की हजेरी, हे ठरवावे लागेल. मालकांशी बोलताना हा दाखला आम्ही अनेकदा दिला आहे. एकाने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘ती भिंगे आहेत, हे कापड आहे.’ असो.

घराचा भाग शेवटी राहिला, कारण आम्हीही तो आयुष्यात शेवटीच ठेवला. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर माणसांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ देखील फक्त जे पुरुष असे काम करतात त्यांचे. असे करणारे शंभरात सुमारे २६ होते. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांचे २८९ झाले आणि पुरुषांचे ८८. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. आठ तासांची पाळी करणाऱ्या बाईच्या तिसऱ्या आठांतून एवढे वजा करा, जाण्यायेण्याचा तास काढा, आणि जे उरते त्यात तिने वाचावे, सभेला यावे, संघटना करावी असे आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो. आठ तासांच्या दिवसावर आम्ही शेकडो भाषणे केली. ती भाषणे करून रात्री अकराला घरी आल्यावर आमचे ताट वाढणारी व्यक्ती पहाटे साडेचारपासून कामावर असे. हा जादा कामाचा हिशेब, दुप्पट दराने, आमच्या नावावर निघतो.

यातून एवढे कळले की वेळेचे नियोजन हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. एकाने आपला दिवस सुटसुटीत केला की बहुधा दुसऱ्याच्या दिवसात गाठ पडते. कारखान्यात आम्ही करार समोरासमोर बसून करतो, तोंडी आश्वासनावर कोणी विश्वास ठेवीत नाही. मग घरातच ‘बघू, जमेल तसे’ का? गेली काही वर्षे रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे बसतो. आठवड्यात कोणाला कोणता वेळ हवा ते प्रत्येकाने सांगायचे. पहिल्या बैठकीत मुलाने विचारले, ‘बाबा, मागण्या मान्य नाही झाल्या तर?’ आणि आईकडे बघून पुढे म्हणाला, ‘संपाची नोटीस किती दिवसांची?’ मंगळवार आणि शुक्रवारचा रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे आला. सौभाग्यवतींनी गुरुवारची सायंकाळ भजनी मंडळाला मागून घेतली. इतकी वर्षे त्यांना भजनाची आवड आहे हे आम्हांला माहीत नव्हते, असे नव्हे, पण त्यासाठी वेळ लागतो हे सुचले नव्हते. करार दर आठवड्याला मोडतो. मोडला की लिहून ठेवतो आणि पुढच्या रविवारी भरपाई ठरते. आमची थकबाकी सध्या तीन शुक्रवारांची आहे.

त्या वाइंडिंग खात्यातल्या बाईंचे काय झाले, हे कोणी विचारील. तडजोडीनंतर त्यांनी शिवणयंत्र घेतले, मुलगी पुढे शिकली. चार वर्षांपूर्वी एका सभेत त्या मागे बसलेल्या दिसल्या. सभा संपल्यावर आम्ही विचारले, संघटनेच्या कचेरीत आठवड्यातून तीन दिवस बसाल का? त्यांनी लगेच होकार दिला नाही. किती वाजता यायचे, किती वाजता सुटायचे आणि मानधन किती, हे कागदावर लिहून मागितले. आम्ही लिहून दिले. तारखांची वही आता त्यांच्याच ताब्यात असते, आणि चौकशीची तारीख असेल त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांचा फोन येतो. तो फोन आम्ही उचलतो.